आवाज तोच राहिला पाहिजे

जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची चॅसी उलटी करून हातात घेतली की तोल एका बाजूला जातो. ते वजन ट्रान्सफॉर्मरचं. बहुतेक सेटमध्ये असे दोन ट्रान्सफॉर्मर असतात, एक लाइटच्या बाजूचा आणि दुसरा स्पीकरच्या बाजूचा. पहिला जळला की फ्यूज उडतो, वास सुटतो आणि काय झालं ते कुणालाही कळतं. दुसरा मात्र पुष्कळदा गुपचूप बिघडतो. त्याहून जास्त वेळा तो काहीही बिघडलेलं नसताना काढून फेकला जातो. हे पुस्तक या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल आहे. गिटारच्या जुन्या अँप्लिफायरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर कधी बदलावा, कधी त्याला हात लावू नये, बदलायचाच असेल तर आधी काय काय मोजून ठेवावं, आणि बाजारात जोडीचा मिळत नसेल तर आपल्याच भागातल्या वाइंडिंगवाल्याकडून तो कसा बांधून घ्यावा, एवढाच त्याचा विषय.

पुस्तकभर मी एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी सांगितली आहे, ती इथेच सांगून टाकतो. जुन्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा सुटा भाग मानू नये. हार्मोनियमचे सूर जसे तिच्या पेटीचा भाग असतात तसाच तो त्या वाद्याचा भाग आहे. दुरुस्तीला आलेल्या सेटला त्याचा स्वतःचा आवाज परत देणं हे आपलं काम. आणखी चांगला आवाज देण्याच्या नादात तो आवाज पुसला गेला, तर सेट चालू होऊनही दुरुस्ती झाली नाही असंच मी समजतो.

राजूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला कोळशाची खाण आठवते, नाहीतर चुन्याच्या भट्ट्या. वणीच्या शेजारच्या या गावाचा गिटारच्या अँप्लिफायरशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर मंडपात आहे. खाणीमुळे इथे वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं आली. त्यांच्याबरोबर मराठीच्या शेजारी तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणं आलं, आणि प्रत्येकाचं गाणंही आलं. गणपती, शारदा, चौदा एप्रिलची जयंती, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, वामनदादा कर्डकांची गाणी गाणारी मंडळी, कव्वालीचे सामने. या सगळ्यांना लागायचा माईकवाला. माईकवाल्याकडे भोंगे असायचे, आणि भोंग्यांच्या मागे लोखंडी पेटीतलं, जाळीतून लालसर उजेड दाखवणारं व्हॉल्व्हचं मशीन. आमच्याकडे अँप्लिफायरला मशीनच म्हणतात. दिल्लीची अहुजा रेडिओज ही कंपनी १९४० पासूनची. तिचं नाव खेड्यापाड्यांत इतकं रुजलं की कुठल्याही कंपनीचं मशीन असलं तरी लोक अहुजाच म्हणत.

त्या मशीनवर फक्त माणसाचा गळाच चढला असं नाही. महाराष्ट्रात बेंजो पार्टीची मोठी परंपरा आहे. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याच्या पोलादी तारांखाली मॅग्नेटिक पिकअप बसवायचा आणि वायर सरळ मशीनच्या माईकच्या पिनेत. विद्युत गिटारचं तत्त्व अगदी हेच आहे. तार हलते, पिकअपमधल्या चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो, गुंडाळीत बारीकसा व्होल्टेज तयार होतो आणि व्हॉल्व्ह तो वाढवतो. बेंजोवाल्याने आवाज पूर्ण उघडला की मशीन जे करवादायचं, तारेला जी धार यायची, ती ओव्हरलोड झालेल्या व्हॉल्व्हची आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची होती. लंडन-शिकागोत त्या आवाजावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. आपल्याकडे तोच आवाज मिरवणुकीत वाजून गेला आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अस्सल गिटार अँप्लिफायर महाराष्ट्रात होतेच. मुंबईच्या हॉटेलांतले गोवेकर वादक, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातले गिटारवाले, भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींतली अँग्लो-इंडियन कुटुंबं, चर्चमधले वाद्यवृंद आणि पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले गावोगाव फिरणारे ऑर्केस्ट्रा, या वाटांनी ते आले. त्यांतले काही आजही वाजतात. काही माळ्यावर पडून आहेत, आणि बरेचसे तांब्याच्या भावाने भंगारात गेले. ट्रान्झिस्टरची मशीनं आली तेव्हा माईकवाल्यांनीही जुनी पेटी कोपऱ्यात सारली. आता नागपूर-पुण्याकडची गिटार वाजवणारी तरुण मुलं ती शोधत फिरतात, स्वच्छ करून त्यांवर गिटार वाजवतात, आणि मग ‘याचा आउटपुट बदलून द्या’ म्हणून घेऊन येतात. ‘का बदलायचा?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आवाज बसका येतो. त्या बसक्या आवाजाची निदान पाच-सहा कारणं ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर असतात, आणि म्हणून या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग ट्रान्सफॉर्मर न बदलण्याबद्दल आहे.

आधी तो करतो काय, ते पाहू. व्हॉल्व्ह हा जास्त व्होल्टेजवर आणि थोड्या करंटवर चालणारा प्राणी. स्पीकरला उलट हवं असतं, व्होल्टेज थोडा आणि करंट भरपूर. स्पीकरची कॉइल चार, आठ किंवा सोळा ओहमची असते, तर व्हॉल्व्हच्या प्लेटला समोर हजारो ओहमचा भार दिसावा लागतो. एकटा ईएल८४ व्हॉल्व्ह २५० व्होल्टवर चालवला तर त्याला सुमारे ५,२०० ओहम हवेत. दोन ईएल८४ पुश-पुल जोडले तर एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंत सुमारे ८,००० ओहम. दोन ईएल३४ ना साधारण ३,५०० ओहम. हे रूपांतर ट्रान्सफॉर्मर गुंडाळ्यांच्या प्रमाणातून करतो, आणि ओहमचं प्रमाण हे टर्नच्या प्रमाणाचा वर्ग असतं. ८,००० ला ८ ने भागलं की १,००० येतात. त्याचं वर्गमूळ साडेएकतीसच्या थोडं वर. म्हणजे स्पीकरच्या बाजूला शंभर टर्न असतील तर प्लेटच्या बाजूला सुमारे ३,१६० टर्न.

इथे एक गोष्ट नीट मनात बसली पाहिजे, कारण निम्मी गडबड तिच्यामुळे होते. ट्रान्सफॉर्मरच्या अंगात ‘आठ हजार ओहम’ असं काही भरलेलं नसतं. मीटर लावलात तर प्लेटच्या बाजूला काही दहा किंवा काही शे ओहम दिसतील. तो नुसत्या तांब्याच्या तारेचा अडथळा. आठ हजार हा आकडा आठ ओहमचा स्पीकर जोडला तरच खरा असतो. त्याच टोकांना चार ओहमचा स्पीकर लावा, व्हॉल्व्हला चार हजार दिसतील. पेटी तीच, ट्रान्सफॉर्मर तोच, आणि व्हॉल्व्ह मात्र वेगळ्याच भाराखाली राबतोय. मंडपाच्या मशीनमध्ये याच्याही पुढची अडचण असते. त्यांच्या मागच्या पट्टीवर चार, आठ, सोळा ओहमच्या जोडीला १०० व्होल्ट लाइनची टोकं असतात, लांबलांब तारेवर टांगलेल्या भोंग्यांसाठी. पन्नास वॅटच्या मशीनवर त्या टोकांची अपेक्षा २०० ओहमची. तिथे कुणी गिटारचा आठ ओहमचा स्पीकर जोडला तर भार पंचवीस पट जड होतो. आवाज बसका येतो, ट्रान्सफॉर्मरवर आळ येतो, आणि खरा दोष दोन स्क्रू सरकवून निघणारा असतो.

मग ट्रान्सफॉर्मर खरंच जातो केव्हा? सगळ्यात जास्त वेळा स्पीकर सुटल्यावर. भार नसताना आवाज मोठा असेल तर गुंडाळीत साठलेली चुंबकीय ऊर्जा जायला वाट मिळत नाही, प्लेटवर प्रचंड व्होल्टेज चढतो आणि थरांमधला कागद फोडून ठिणगी जाते. एकदा ती वाट काजळली की पुढच्या वेळी कमी व्होल्टेजलाही ठिणगी तिथूनच जाते. दुसरं कारण गळका कपलिंग कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हचा चढा व्होल्टेज आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर झिरपतो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि बारीक तार तापून तुटते. अशा वेळी नुसता ट्रान्सफॉर्मर बदलणारा माणूस पुढच्या महिन्यात तोच सेट पुन्हा उघडतो. तिसरं कारण दमट हवा. चढ्या व्होल्टेजवर असलेल्या बारीक तांब्याच्या तारेला एनॅमलच्या एखाद्या छिद्रातून ओल लागली की तिथे हिरवा गंज धरतो आणि एक दिवस तार त्या ठिपक्यावर तुटते. कोकण-मुंबईकडून आलेल्या सेटमध्ये हे जास्त पाहायला मिळतं. आमच्याकडे ओल चार महिन्यांची, पण धूळ बारमाही. व्हॉल्व्हच्या बेसवर आणि टॅगपट्टीवर कोळशाची नि चुन्याची पूड बसते, पहिल्या पावसात तिला दमटपणा सुटतो आणि चढा व्होल्टेज तिच्यावरून वाट काढायला लागतो. म्हणून राजुरात कुठलाही सेट तपासायला घेताना पहिलं हत्यार हातात येतं ते रंगाचा कोरडा ब्रश.

आता तपासणीबद्दल, जरा सविस्तर. सेट बंद करून, पिन काढून, फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करून, स्वतः मीटरवर शून्य पाहून मगच हात घालायचा. या पेट्यांत तीनशे-चारशे व्होल्ट बंद केल्यानंतरही बसून राहतात, आणि त्यांनी माणसं मारली आहेत. मग प्लेटच्या बाजूच्या दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांचा अडथळा मोजा. पुश-पुलमध्ये दोन्ही अगदी सारखे नसतात. बाहेरच्या थरातल्या गुंडाळीचा घेर मोठा, म्हणून तार लांब आणि ओहम थोडे जास्त. हा फरक पाहून ट्रान्सफॉर्मर खराब ठरवणारे पुष्कळ आहेत. एक बाजू पूर्ण तुटलेली असेल तर मीटर सांगेलच, आणि त्याआधी व्हॉल्व्हही सांगतो. प्लेटचा व्होल्टेज गेल्यामुळे सगळा करंट स्क्रीन ग्रिडकडे धावतो आणि आतली जाळी लाल होते. अंधारात पाहिलं तर चुकायचं कारण नाही.

अवघड असतो तो आतल्या आत शॉर्ट झालेला टर्न. तीन हजारांतले चार टर्न एकमेकांना चिकटले तर ओहममध्ये काहीच फरक दिसत नाही, पण आवाज मरतो. त्यासाठी मोटर बांधणाऱ्यांकडून घेतलेली एक साधी परीक्षा मी पुस्तकात चित्रासह दिली आहे. ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सोडवा, प्लेटच्या गुंडाळीला टेस्टरमधला छोटा निऑन दिवा समांतर जोडा आणि नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून उचला. गुंडाळी धड असेल तर बॅटरी उचलताना निऑन चमकतो. निऑनला पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, म्हणजे ते उचलण्याच्या क्षणी गुंडाळीनेच तयार केलेले असतात. एखादा टर्न शॉर्ट असेल तर ती ऊर्जा तिथल्या तिथे जिरते आणि दिवा मुकाच राहतो. टोकं बोटांनी धरून ही परीक्षा करू नका, चांगला झटका बसतो.

टर्नचं प्रमाण काढताना स्पीकरच्या बाजूला एक व्होल्ट एसी द्या आणि प्लेटच्या बाजूला किती येतो ते वाचा. साडेएकतीस आले, तर आठ ओहमला आठ हजार. फिलॅमेंटचे ६.३ व्होल्ट हाताशी असतात म्हणून तेच जोडायचा मोह होतो. पण मग पलीकडच्या टोकांवर दोनशे व्होल्ट उभे राहतात आणि टेबलावर ती टोकं उघडी पडलेली असतात. एक व्होल्ट पुरे.

इतकं करूनही ट्रान्सफॉर्मर गेलाच आहे असं ठरलं, तर बदलण्याचा प्रश्न येतो, आणि इथे मला जिम मार्शल यांच्या दुकानाची गोष्ट सांगावीशी वाटते. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी अमेरिकन फेंडर कंपनीच्या बॅसमन या अँप्लिफायरची आकृती समोर ठेवून आपलं पहिलं मशीन बांधलं, तेच जेटीएम ४५. आकृती जवळजवळ तीच होती. पण बॅसमनमध्ये आठ ओहमचे चार दहा-इंची स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे एकूण दोन ओहम. मार्शलने सोळा ओहमची वेगळी पेटी घेतली. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर हाताशी नव्हताच. रेडिओस्पेअर्स या इंग्लिश कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळणारा, घरगुती हाय-फायसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर बसवला गेला. स्पीकरच्या टोकावरून मागे आणलेल्या निगेटिव्ह फीडबॅकसाठी रेझिस्टन्स मात्र बॅसमनचाच ठेवला, २७ किलो-ओहमचा. तेवढ्याच वॅटला सोळा ओहमच्या टोकावर दोन ओहमच्या मानाने २.८ पट व्होल्टेज असतो, म्हणजे फीडबॅक तितका वाढला. पहिल्या पायरीचा व्हॉल्व्ह बदलला होता, पेटी मागून बंद होती, स्पीकर निराळे होते, तेव्हा फरकाचं सगळं श्रेय ट्रान्सफॉर्मरला देता येणार नाही. पण बॅसमनच्या पोटातून जो वेगळा आवाज जन्माला आला, त्यात या एका बदलाचा हात मोठा आहे. पुढच्या काही वर्षांत जगाने तो आवाज डोक्यावर घेतला.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरली जाते. ट्रान्सफॉर्मर बदला आणि नवा आवाज मिळवा, असं काहींना त्यातून दिसतं. मला त्यातून दिसतं की ट्रान्सफॉर्मर बदलणं म्हणजे दुसरं वाद्य करणं. मार्शल नवं वाद्य करत होते, तो त्यांचा अधिकार. कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या चर्चचं, पन्नास-साठ वर्षं एका आवाजात वाजलेलं मशीन माझ्या टेबलावर येतं तेव्हा मला तो अधिकार नसतो.

म्हणूनच ‘मोठा कोअर, चांगला आवाज’ या समजुतीशी माझं भांडण आहे. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झवर बोलते. गिटारचा बारा-इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने खाली येतो. या पट्ट्यासाठी जुन्या कारखानदारांनी जाणूनबुजून बेताचे ट्रान्सफॉर्मर वापरले, कधी काटकसर म्हणून तर कधी वजनासाठी. जोरात वाजवलं की तो छोटा कोअर खालच्या सुरांवर भरत येतो, म्हणजे चुंबकाचं आणखी बळ घेईनासा होतो. सूर जरा दबतो, गोल होतो आणि सोडल्यावर परत उभारी घेतो. वादकाचा हात त्या दबण्यावर बसलेला असतो. तिथे वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत सपाट चालणारा, दुप्पट वजनाचा हाय-फाय ट्रान्सफॉर्मर बसवला की कागदावर सगळं सुधारतं. खालचे सूर ताठ होतात, वरचे टोचायला लागतात आणि वादक म्हणतो, माझी पेटी कुठे गेली? व्हॉक्सच्या एसी३० सारख्या, फीडबॅक नसलेल्या सेटमध्ये तर हा फरक झाकायलाही काही नसतं.

आणखी एक घातक चूक वारंवार घडते, ती एअर गॅपची. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या सेटमध्ये व्हॉल्व्हचा सगळा स्थिर करंट, ईएल८४ चा धरला तर ४८ मिलिअँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून सतत एकाच दिशेने वाहतो. त्याने कोअर आधीच भरून जाऊ नये म्हणून सगळी ई-स्टॅम्पिंग एका बाजूला, सगळी आय-स्टॅम्पिंग दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पातळ कागद ठेवतात. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे करंट एकमेकांविरुद्ध जातात आणि मिटतात, म्हणून तिथे स्टॅम्पिंग एक इकडून, एक तिकडून अशी गुंफलेली असतात. दिसायला दोन्ही सारखेच. पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर एका व्हॉल्व्हच्या सेटमध्ये बसवला तर ओहम कितीही जुळोत, खालचा आवाज गेलाच.

आता बांधून घेण्याकडे वळतो. या भागावर माझा सर्वांत जास्त जीव आहे. कॅनडातल्या हॅमंडसारख्या कंपन्या आजही तयार ट्रान्सफॉर्मर विकतात आणि ते चांगले असतात, पण वाहतूक आणि आयातशुल्क धरलं तर ज्या मशीनमध्ये बसवायचा त्याच्याहून तो महाग पडतो. दुसरीकडे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मोटर बांधणारे हात जागोजागी आहेत. विहिरीवरची मोटर जळली की पाण्याची पाळी चुकते, म्हणून प्रत्येक बाजाराच्या गावात रात्री उशिरापर्यंत टर्न मोजत बसलेला वाइंडिंगवाला असतो. तांब्याची पारख, गेज, स्लीव, लेदरॉइड, वार्निश, मेगर हे सगळं त्याच्या रोजच्या हातातलं. त्याला फक्त चार गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात.

मोटरच्या कॉइलमध्ये तार झुपक्याने बसली तरी चालते. इथे ती थराने बसली पाहिजे, एकेक तार शेजारच्या तारेला लागून, आणि प्रत्येक थरानंतर कागद. मोटरची तार जाड असते, इथली ३६ ते ३८ गेजची, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी. बोटाच्या ताणाने तुटते, म्हणून ताण कापसाच्या बोळ्यातून द्यावा. मोटरवाल्याची सवय एक गुंडाळी पूर्ण करून मग दुसरी घ्यायची. इथे प्लेटची निम्मी गुंडाळी, मग स्पीकरची, मग प्लेटची उरलेली निम्मी, अशी पुरणपोळी केली नाही तर वरचे सूर वाटेतच हरवतात. आणि मेगर पाचशे व्होल्टचा लावून भागत नाही. चारशे व्होल्टच्या सेटमध्ये जोरात वाजताना प्लेट आठशेच्या आसपास उसळते, म्हणून गुंडाळी ते कोअर आणि गुंडाळी ते गुंडाळी हजार व्होल्टला तपासूनच सेटमध्ये घालायची.

जुना जळका ट्रान्सफॉर्मर उघडणं हे सगळ्यात सावकाश करायचं काम. पत्र्याचं टोपण काढलं की स्टॅम्पिंग वार्निशने एकमेकांना धरून बसलेली असतात. पहिली पट्टी सुटायला सगळ्यात जड. तिला हातोडी न लावता पातळ पात्याने चारी बाजूंनी मोकळं करायचं, कारण वाकलेली पट्टी परत तशी बसत नाही. पट्ट्या कशा रचल्या होत्या ते सुटण्याआधी लिहून ठेवायचं. मग बॉबिनवरून बाहेरचा पिवळा कागद सोडवताना प्रत्येक टोक कुठल्या बाजूने निघालं, कुठल्या दिशेने गुंडाळलं होतं, त्याची वहीत आकृती काढायची. टर्न उलटे सोडत काउंटरवर मोजायचे. करपलेल्या जागी तार तुकड्या-तुकड्याने निघते आणि मोजणी चुकण्याची शक्यता असते. म्हणून तिथे थरात किती टर्न आणि थर किती, असा दुसऱ्या वाटेने हिशेब जुळवायचा. तारेचं एनॅमल हलकेच काढून उघडं तांबं मायक्रोमीटरवर मोजायचं, कारण एनॅमलसकट मोजलं की गेज चुकतं. एवढी वही भरली की तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा कुठेही बांधता येतो. मी पुस्तकाच्या शेवटी अशा नोंदींचा कोरा तक्ता दिला आहे, त्याच्या प्रती काढून वापराव्यात.

नवा किंवा नव्याने बांधलेला ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर पहिल्यांदा सेट चालू करताना कधीकधी तो किंचाळतो, भयंकर, आवाजाचं बटण शून्यावर असतानाही. घाबरून वाइंडिंगवाल्याला दोष देऊ नका. प्लेटची दोन टोकं उलट लागली आहेत आणि निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह झाला आहे. लगेच बंद करा, कंडेन्सर रिकामे करा आणि ती दोन टोकं, अमेरिकन सेटमध्ये बहुधा निळी आणि तपकिरी, आपसांत बदला. एवढंच.

काढलेला जुना ट्रान्सफॉर्मर मालकाला परत द्यावा, जळलेला असला तरी. भंगारात देऊ नये. त्याच्या अंगावर इतिहास कोरलेला असतो. फेंडरच्या साठच्या दशकातल्या पुष्कळ ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा दिसतो. तो शूमाकर या कारखान्याचा, आणि पुढचे आकडे वर्ष नि आठवडा सांगतात. आपल्या देशी मशीनवर इतकी व्यवस्था नसते, पण बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले व्हॉल्व्ह, ठाण्याच्या मर्फीच्या रेडिओतून काढून लावलेला एखादा चोक, कुण्या मेकॅनिकने चॅसीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले व्होल्टेज, हे सगळं त्यात सापडतं. पेन्सिलीच्या त्या आकड्यांवरून मी कितीतरी सेट पूर्ववत केले आहेत, लिहिणाऱ्याचं नाव मला कधीच कळलं नाही. स्वच्छता करताना ते पुसू नका आणि त्याच्या शेजारी तुमचे आकडे तारखेसकट लिहा.

पुस्तकातले शब्द मी टेबलावर बोलले जाणारेच ठेवले आहेत. कंडेन्सर, बेस, टॅग, स्टॅम्पिंग, टर्न हे शब्द मेकॅनिकला आणि वाइंडिंगवाल्याला कळतात, आणि हे पुस्तक त्या दोघांनी एकत्र बसून वाचावं अशी माझी इच्छा आहे. विद्युत शास्त्राचं शिक्षण नसलेल्या माणसालाही भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे कुठलं गणित लागणार नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मर, ११० व्होल्टचे परदेशी सेट आपल्या २३० व्होल्टवर चालवणं आणि व्हॉल्व्हचं बायसिंग हे विषय लागतील तेवढेच घेतले आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल.

प्रकरणांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की ट्रान्सफॉर्मर काढण्याचं प्रकरण सहावं येतं. त्याआधी कंडेन्सर रिकामे करणं, स्पीकर आणि त्याची वायर, व्हॉल्व्ह, कपलिंग कंडेन्सर, आणि मग मोजमापं. सहाव्यापर्यंत पोचण्याआधीच बहुतेकांचा सेट वाजू लागलेला असेल. त्यांनी पुढची पानं मोकळ्या वेळी वाचावीत आणि ज्यांचा वाजत नाही त्यांनी तक्ता, पेन्सिल आणि मीटर घेऊन पुढे यावं.